तुमच्या तालुक्याचा 'पी.एस.डब्ल्यू.' कोण?

वाचकहो, बैल लंगडायला लागला तर कुणाला बोलवायचे हे तुम्हाला माहीत आहे. विहिरीवरची मोटर जळाली तर वाइंडिंग कोण चांगले करतो, डीपी उडाली तर कोणत्या लाइनमनला फोन लावायचा, सातबाऱ्यावर चूक झाली तर तलाठ्याकडे किती चकरा माराव्या लागतात, सगळे पाठ आहे. आता दुसरे विचारतो. घरातला कर्ता माणूस दोन महिन्यांपासून धड जेवत नाही. रात्री खाटेवर उठून बसतो. वावरात जातो आणि धुऱ्यावर नुसता बसून राहतो. काय झाले विचारले तर 'काही नाही' एवढेच म्हणतो. याला कुणाकडे न्यायचे?

इथे मात्र गाव गप्प होते. कुणी म्हणते, 'बाहेरचे असेल, त्या अमक्या बाबाकडे घेऊन जा.' कुणी म्हणते, 'टेन्शन आहे बाप्पा, सावकाराचे असेल, जाईल.' गावातला डॉक्टर सलाईन लावतो. सलाईनने दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी नागपूरच्या मनोरुग्णालयाचे नाव काढते, आणि ते नाव ऐकूनच घरातली बाई रडायला लागते, कारण आपल्याकडे 'नागपूरला पाठवले' याचा अर्थ काय घेतात ते सर्वांना ठाऊक आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक माणूस असतो. सरकारी कागदात त्याचे पद आहे आणि कायद्यात त्याची व्याख्याही आहे. कुठे त्याला 'मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता' म्हणतात, कुठे 'समाजसेवा अधीक्षक', आणि दवाखान्यातले कर्मचारी बोलताना सरळ 'पी.एस.डब्ल्यू.' म्हणतात, म्हणजे सायकियाट्रिक सोशल वर्कर. (पाटीवर 'विकृती' असा शब्द लिहिणाऱ्याला काय म्हणावे! भला माणूस ती पाटी वाचून दारातूनच परत फिरेल.) आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शंभर माणसांना विचारले, तर या पदाचे नाव सांगणारे दोन तरी निघतील का, याची मला शंका आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याकडे 'सामाजिक कार्यकर्ता' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आणि तहसीलमध्ये ओळख. त्याचा इथे संबंध नाही. हा शिकलेला, दवाखान्यात तालीम घेतलेला माणूस असतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने त्याची पात्रता लिहून ठेवली आहे: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे आपली एम.एस.डब्ल्यू., आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., तीही रुग्णांमध्ये देखरेखीखाली काम करून. हे दोन्ही असेल तर कायद्याच्या भाषेत तो पी.एस.डब्ल्यू.

तो करतो काय? गोळ्या लिहून देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचे. पण सरकारी दवाखान्यात डॉक्टरपुढे रांग असते, एका पेशंटला किती वेळ मिळणार? घरात काय चालले आहे, कर्ज किती, पोरीचे लग्न ठरले आहे का, दारू कधीपासून, भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे का, यापूर्वी घरात कुणी जीव दिला होता का, हे सगळे शांतपणे विचारून घेणारा हा माणूस. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. आपला शेतकरी चार दिवस खातो आणि 'काही फरक नाही' म्हणून पुडी कोनाड्यात टाकतो. किंवा उलटे होते, बरे वाटले की दीड महिन्यात स्वतःच बंद करतो. हे घरच्यांना समजावणे, गोळी चुकली की विचारपूस करणे, बायकोला, भावाला, बापाला जवळ बसवून बोलणे, हे त्याचे काम. आजार जुना आणि मोठा असेल, तर अपंगत्वाचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मानसिक आजार आहे, हे किती घरांना माहीत आहे? त्या दाखल्यासाठी कुठे जायचे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कुठे द्यायचा, शाळेत पोराला परत कसे बसवायचे, ही वाट दाखवणारा तोच.

गोळी जेवढी लागते तेवढाच हा माणूस लागतो, असे माझे मत आहे. आपल्या भागात तर थोडा जास्तच. कारण आपल्याकडचे दुखणे निम्मे डोक्यात असते आणि निम्मे घरात, वावरात, बँकेत.

आणि आपल्या भागात हा प्रश्न कशाशी जोडलेला आहे ते वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या. त्यातली ४,२४८ माणसे एकट्या महाराष्ट्रातली. सगळ्यांना मानसिक आजार होता असे मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. कापसाचा भाव, बोंडअळी, सोयाबीनचा पाऊस, बँकेची नोटीस, हे खरेच आहे, आणि समुपदेशनाने भाव वाढत नाही. ज्याला भाव द्यायचा नाही तो समुपदेशक पाठवतो, असा टोमणा शेतकरी चळवळीतले जुने लोक मारतात, त्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजूही बघा. तेच कर्ज, तोच भाव, तेच वावर असलेल्या दोन भावांमधला एक उभा राहतो आणि दुसरा कोसळतो. कोसळणाऱ्याला त्या महिन्यात कुणी धरले असते तर? घरात फवारणीचे औषध असते. तो एक वाईट तास टळला तर पुष्कळदा माणूस वाचतो.

माणूस गेला की मात्र सरकार येते. तलाठी येतो, पंचनामा होतो, कागद जिल्हा समितीपुढे जातो, 'पात्र' की 'अपात्र' हे ठरते, पात्र ठरला तर एक लाख रुपये. त्याआधी त्या दारात कोण आले होते, हा प्रश्न कोणत्याच अर्जात नसतो. मागे राहिलेल्या बाईची झोप उडते, पोरगा शाळा सोडतो, त्यांच्याशी बोलायला कोण जातो, हाही नसतो.

तशी सरकारने काहीच सोय केली नाही असे म्हणणे खोटे होईल. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगावरून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला. त्यात जिल्ह्यासाठी एक पथक ठरलेले आहे. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि आपला हा पी.एस.डब्ल्यू. त्या पथकाने जिल्ह्याच्या ठिकाणी बसायचे आणि ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयातही जायचे. २०१५ साली राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यात यवतमाळ होतेच. आशाताईंनी घरोघर विचारपूस करायची आणि ज्याची अवस्था वाईट दिसेल त्याला पुढे पाठवायचे, अशी त्याची रचना.

रचना चांगली आहे. अडचण पुढे आहे. ही पदे बहुतेक कंत्राटी. शहरातली पोरगी एवढे शिकून अकरा महिन्यांच्या करारावर येते, भाड्याची खोली घेते, गाडी मिळाली तर झरीला जाते, नाही मिळाली तर रजिस्टर भरते, आणि पुण्या-मुंबईत बरे काम मिळाले की जाते. तिला दोष कसा द्यायचा? आपला जिल्हा १६ तालुक्यांचा. उमरखेडचा माणूस यवतमाळला यायचे म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत यायला दुसरा माणूस लागतो, त्याचीही मजुरी बुडते. एवढे करून आल्यावर कळते की आज मॅडम ट्रेनिंगला गेल्या आहेत. तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

म्हणून मी म्हणतो, वार आणि नाव गावाला कळले पाहिजे. लसीकरणाचा दिवस कळतो, जनावरांच्या लाळ-खुरकुताच्या लसीचा दिवस कळतो, रेशन आल्याची दवंडी होते. मग तालुक्याच्या रुग्णालयात मानसिक आजाराची तपासणी कोणत्या वारी आणि कोण करणार, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहायला काय लागते?

कायदा तर यापुढे गेला आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि पी.एस.डब्ल्यू. यांची नोंदणी करायची आहे आणि नोंदणी झालेल्यांची यादी प्रसिद्ध करायची आहे. अमेरिकेत राज्य परवाना देते आणि परवान्यावरून माणूस शोधता येतो, तिकडे गेलेली आपली पोरे हे सांगतात. आपल्याकडे ही नोंदणी त्याच जातीची सोय आहे. यादी ज्याला हवी त्याच्या हातात पडते का, एवढाच प्रश्न. घाटंजीच्या बाईला ती आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच सापडली पाहिजे.

यादी हातात नसल्याचा फायदा कोण घेतो ते पाहा. 'समुपदेशक', 'कौन्सेलर', 'माइंड पॉवर', 'व्यसनमुक्ती तज्ज्ञ' अशा पाट्या तालुक्याच्या गावीही लागायला लागल्या आहेत. यातले सगळे लबाड नाहीत. काही मनापासून काम करणारे आहेत. पण 'समुपदेशक' ही पाटी लावणाऱ्याने अमुक शिकलेच पाहिजे, असे आपल्याकडे अजून घट्ट बसलेले नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत चिकित्सा व मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते आहेत, समुपदेशकही आहेत. तो नीट लागू होईल तेव्हा होईल. तोवर पारख तुम्हालाच करायची आहे.

समोरच्याला शिक्षण विचारा. लाजू नका, बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतोच ना? एम.एस.डब्ल्यू. कुठून, त्यानंतर कोणत्या रुग्णालयात काम शिकले, प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का. स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवत असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला तो असतो. खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. जो चिडतो, जो पहिल्याच भेटीत दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागतो, जो डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगतो किंवा स्वतःच पुडीत बांधून गोळ्या देतो, त्याच्या दारातून सरळ परत या.

आणि बाबाकडे न्यायचेच असेल तर? मी श्रद्धेवर बोलत नाही. नमस्कार करा, नारळ फोडा. पण साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, मारणे, हे श्रद्धेत बसत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे-बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आजारी माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालायला २०१७ च्या कायद्यानेही बंदी आहे. नारळ फोडून झाला की त्याच दिवशी दवाखान्यातही न्या.

एक भीती मात्र खरी आहे, आणि ती शहरातल्या लोकांना समजत नाही. आशाताई म्हणजे आपल्याच भावकीतली सून. तिला सांगितले की संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा, मग पोरीचे स्थळ परत जाते. हे खोटे नाही. यावर उपाय असा की आशाताईला सगळी कहाणी सांगायची गरज नाही. 'मला जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाला भेटायचे आहे, ते इकडे कधी येतात' एवढेच विचारा. पुढचे पी.एस.डब्ल्यू.ला सांगा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे ही उपचार करणाऱ्यांवर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे, हे त्यालाही माहीत असते. तेही नको असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येते. फोनवरचा माणूस तुमच्या घरी येऊ शकत नाही, हे खरे. पण जिल्ह्यात कुणाकडे जायचे ते त्याला विचारता येते. रात्री दोन वाजता जाग आली आणि मनात भलतेसलते यायला लागले, तर सकाळची वाट पाहू नका, हा नंबर लावा.

कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलिसांच्या भीतीने त्याला लपवू नका. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणे आणि उपचार देणे हे सरकारचे काम. जुन्या दंडसंहितेतले शिक्षेचे ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिले नाही. एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढचे काही महिने सर्वांत जास्त धोका असतो. नेमकी त्याच वेळी त्याला पी.एस.डब्ल्यू.ची गरज असते, आणि नेमके त्याच वेळी घरचे त्याला मामाच्या गावी पाठवून देतात.

आता थोडे पुढचे. पात्रता लिहिणारा कायदा एम.फिल. मागतो आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. ही पदवीच बंद करायचे ठरवले. मग विद्यापीठ अनुदान आयोगाला जाग आली आणि चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरते प्रवेश २०२५-२६ पर्यंत चालू ठेवले. एका हाताने अट घालायची आणि दुसऱ्या हाताने ती पदवी देणारी शाळा बंद करायची, हा आपल्या राज्यकारभाराचा नमुना आहे. दुसरीकडे, विदर्भात समाजकार्य महाविद्यालये कमी नाहीत. एम.एस.डब्ल्यू. झालेली किती पोरे आज विम्याच्या पॉलिस्या विकत फिरत आहेत! त्यांना कामाला लावता येणार नाही का?

येते, हे शेजारच्याच जिल्ह्यात दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना तालीम देऊन, मागे जाणकार आणि डॉक्टर उभे करून, घरोघर नैराश्याची आणि दारूची विचारपूस केली. आधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार उपचारापर्यंत पोहोचत होती. दीड वर्षानंतर ती सत्तावीस झाली. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सत्तावीस म्हणजे अजून त्र्याहत्तर बाहेरच, तरी चारवरून सत्तावीस ही गोष्ट लहान नाही. पण त्यातली खूणगाठ विसरू नका: गावातला तालीम घेतलेला माणूस चालला, कारण त्याच्या पाठीशी शिकलेला माणूस होता. पाठीशी कुणी नसताना नुसत्या आशाताईच्या हातात प्रश्नावली देणे म्हणजे तिच्यावर आणखी एक रजिस्टर लादणे.

तेव्हा मागणी आधी जिल्ह्याच्या पदाची. ते भरलेले आहे की रिकामे, हे विचारायला कुणी पुढारी लागत नाही. जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. विचारा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पी.एस.डब्ल्यू.ची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, मागच्या बारा महिन्यांत हे पथक आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कोणकोणत्या तारखांना आले. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले की ते पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि सरपंचांना सांगून वार फलकावर लिहून घ्या.

आणि कुणाला आजच न्यायचे असेल, तर अर्जाची वाट पाहू नका. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात जा, मनोविकार बाह्यरुग्ण विभाग विचारा. आधार कार्ड घ्या, आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नका, ती पिशवीत टाका, डॉक्टरला त्यावरून पुष्कळ कळते. जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरला पैसे लागत नाहीत, तालुक्याला पथक येत असेल तर तिथेच काम होईल. डॉक्टरची भेट झाली की लगेच एसटी पकडायला धावू नका. 'इथे पी.एस.डब्ल्यू. कोण आहेत, त्यांना भेटायचे आहे' असे विचारा, त्यांचे नाव आणि पुढच्या भेटीचा वार केस पेपरच्या मागे लिहून घ्या.